ताणाखाली टिकणारी मिठी

यीस्टच्या पेशीतून ॲगा-२ नावाचे एक चिमुकले जनुक काढून टाकले आणि त्या पेशी जोडीदारांसोबत आगरच्या बशीवर ठेवल्या, तर फारसे काही बिघडत नाही. पेशी शेजारी-शेजारी पडलेल्या असतात, एकमेकींचा माग काढतात आणि एकजीव होतात. आता त्याच पेशी द्रव पोषकात सोडा आणि चंबू शेकरवर फिरत ठेवा. मीलन कित्येक पटींनी घटते. जनुक तेच, पेशी त्याच, अन्नही तेच. वाढली ती फक्त घुसळण. बशीवर या जनुकाचे जे प्रथिन असून नसून सारखे वाटत होते, त्याच्यावाचून चंबूत पान हलत नाही.

यीस्टच्या अभ्यासकांना ही गोष्ट गेली तीसेक वर्षे ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र ती एका वाक्यात उरकली जाते: द्रवात पेशी एकत्र राहाव्यात म्हणून हे प्रथिन लागते. वाक्य खरे आहे, पण मेख त्याच्या पुढे आहे. एकत्र राहाव्यात म्हणजे किती जोराला पुरून उरावे? तो जोर एका रेणूवर येतो की हजारांवर? आणि ओढ वाढली की हा बंध आधी सैलावतो की आधी घट्ट होतो? या प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्राच्या नेहमीच्या मोजपट्टीने मिळत नाहीत. त्यासाठी एक पेशी धरावी लागते, दुसरीवर टेकवावी लागते आणि मग ओढून सोडवावी लागते. हे पुस्तक त्या ओढण्याविषयी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. दोन पेशींमधली चिकटण किती पक्की, हा प्रश्न अर्धाच आहे. ती कशी, किती वेगाने आणि किती वेळाच्या सहवासानंतर ओढली, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. चिकटण हा पदार्थाच्या अंगचा गुण आहे, असे आपण गोंदाच्या बाटलीवरची जाहिरात वाचून धरून चालतो. जिवंत पेशींच्या बाबतीत ती एक वर्तणूक आहे, आणि ताण हा त्या वर्तणुकीचा एक भाग आहे.

आधी पात्रपरिचय. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट आपल्या फार जवळचे. पाव फुगवणारे तेच आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल बनवणारेही तेच. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचे पीठ फुगवायला माडी वापरत, त्या माडीतही ते असते. पेशी साधारण पाच मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर दोनशे पेशी ओळीने बसतील. तिच्याभोवती जाड, कणखर पेशीभित्तिका असते. कळ्या फुटून यीस्ट वाढते हे शाळेत शिकवतात. त्याला मीलनाचे जीवनही आहे हे फारसे कोणी सांगत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओय्विंड विंगे यांनी १९३५ साली दाखवून दिले, की यीस्टच्या आयुष्यात गुणसूत्रांचा एकच संच असलेली एकगुणित अवस्था आणि दोन संचांची द्विगुणित अवस्था आलटून पालटून येतात. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत कार्ल आणि गर्ट्रूड लिंडेग्रेन या दांपत्याने एकगुणित पेशींचे दोन प्रकार वेगळे ओळखले. त्यांना आज ‘ए’ आणि ‘आल्फा’ म्हणतात. ए पेशी आल्फाशीच जुळते, आल्फा ए-शीच.

नर-मादी असा भेद इथे नाही. आकाराने दोघी सारख्याच. भेद आहे तो कोण काय बोलते आणि कोणाला काय ऐकू येते यात. आल्फा पेशी तेरा अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड पाण्यात सोडते. ए पेशी बारा अमिनो आम्लांचा, शेपटीला मेदाचा तुकडा जोडलेला पेप्टाइड सोडते. हे त्यांचे फेरोमोन. समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक प्रथिन ते टिपते, आत निरोप जातो आणि पेशी विभाजन थांबवून मीलनाच्या तयारीला लागते. गंध जिकडून जास्त येतो तिकडे तिला एक टोक फुटते. नासपतीसारख्या दिसणाऱ्या या पेशीला शास्त्रज्ञ ‘श्मू’ म्हणतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अल कॅप यांनी १९४८ मध्ये आपल्या चित्रमालिकेत आणलेल्या एका गुबगुबीत प्राण्याचे हे नाव गंभीर शोधनिबंधांतून अजून बिनधास्त वावरते आहे.

यीस्टला पाय नाहीत, शेपटी नाही. श्मू जोडीदाराकडे चालत जात नाही, वाढत जाते. म्हणून पेशी शेजारी असेल तरच त्या टोकाचा उपयोग. वाहत्या द्रवात शेजार क्षणभराचा असतो. दोन पेशी एकमेकींना घासून जातात आणि पुन्हा भेटतीलच असे नाही. त्या क्षणभराचे तासाभरात रूपांतर करणे हे चिकटणाऱ्या प्रथिनांचे, ॲग्लुटिनिनांचे काम.

ही प्रथिने दोन्ही बाजूंना वेगवेगळी असतात. आल्फा पेशीवर आल्फा-ॲग्लुटिनिन असते. ही एकच लांब साखळी असून तिच्या बाहेरच्या अर्ध्या भागात प्रतिपिंडांच्या घडणीशी नाते सांगणाऱ्या तीन घड्या आहेत. पकड मुख्यतः तिसऱ्या घडीत. ए पेशीवरचे ॲग्लुटिनिन दोन तुकड्यांचे. ॲगा-१ हा लांब खांब भित्तिकेत रोवलेला असतो आणि ॲगा-२ हे अवघ्या ६९ अमिनो आम्लांचे टोक त्याला दोन डायसल्फाइड बंधांनी जोडलेले असते. जोडीदाराला धरते ते हे इवलेसे टोक; खांब ते भित्तिकेच्या जंजाळातून बाहेर काढून देतो. खांबांवर साखरेच्या साखळ्यांची दाट झालर असते, त्यामुळे ते ताठ आणि लांब राहतात. दोन्ही प्रथिनांची मुळे भित्तिकेतल्या ग्लुकनशी पक्क्या सहसंयोजी बंधांनी बांधलेली. सारी रचना नीट पाहिली, तर ती ओढ सहन करण्यासाठीच बांधली आहे असे वाटते. एका पेशीच्या भित्तिकेपासून दुसरीच्या भित्तिकेपर्यंत एक अखंड साखळी तयार होते. त्या साखळीतले बाकी दुवे सहसंयोजी, फक्त मधला एक दुवा सुटू शकणारा. सगळी परीक्षा त्या दुव्याची.

इथे एक गल्लत टाळायला हवी. दारूच्या कारखान्यात यीस्टचे गठ्ठे बनून तळाशी बसतात, त्याला फ्लॉक्युलेशन म्हणतात. त्यात एका पेशीवरचे प्रथिन दुसरीच्या भित्तिकेवरील साखर पकडते, आणि त्याला कॅल्शियम लागते. तिथे प्रकार पाहिला जात नाही. जी मिळेल तिला धरायचे. मीलनाच्या चिकटणीत मात्र प्रथिन प्रथिनाला ओळखते, आणि तेही फक्त विरुद्ध प्रकाराच्या. या पुस्तकाचा विषय दुसऱ्या प्रकारची चिकटण आहे, पहिलीचा उल्लेख तोंडी लावण्यापुरता येईल.

मोजणीचा इतिहास परीक्षानळीपासून सुरू होतो. पद्धत सोपी आणि आजही वापरात असलेली. दोन्ही प्रकारच्या पेशी फेरोमोन देऊन तयार करायच्या, एकत्र मिसळायच्या, थोडा वेळ हलवायच्या आणि नळी उभी ठेवायची. सुट्या पेशींचा द्रव दुधाळ गढूळ दिसतो. चिकटल्या तर आधी रवाळपणा येतो, मग कण मोठे होत तळाशी बसतात आणि वरचा द्रव निवळतो. किती निवळला ते प्रकाश आरपार सोडून मोजायचे. हान्सेन्युला विंगेई या दुसऱ्या एका यीस्टमध्ये ही चिकटण इतकी दांडगी आहे, की मिसळताच द्रवाचा लगदा होतो. थॉमस ब्रॉक यांनी पन्नास-साठच्या दशकांत, पुढे मार्जोरी क्रँडल यांच्यासोबत, तिचा रासायनिक मागोवा घेतला. हेच ब्रॉक पुढे यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांतल्या जीवाणूसाठी जगाला माहीत झाले. सॅकरोमायसिसच्या ॲग्लुटिनिनांची जनुके, घडण आणि पकड यांवरचे पायाभूत काम पीटर लिपके आणि जॅनेट कर्जन यांच्या गटांनी आणि जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या विडमार टॅनर यांच्या गटाने केले. आल्फा-ॲग्लुटिनिनमधले २७३ क्रमांकाचे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल पकडीला आवश्यक आहे, हे या कामातून उमगले. पकडीचा घट्टपणाही मोजला गेला. विघटनांक सुमारे १०⁻⁹ मोलर भरला, म्हणजे चांगल्या प्रतिपिंडाच्या तोडीची पकड.

ही सारी मोजणी उत्तम आहे, पण तिची एक बाजू लंगडी आहे. विघटनांक सांगतो तो शांत पाण्यात, कोणी ओढत नसताना बंध किती टिकेल ते. निवळलेला द्रव सांगतो तो कोट्यवधी पेशींचा एकत्रित निकाल; त्यात किती बंध, किती जोर, किती वेळ हे सगळे एकजीव झालेले असते. जिथे ॲग्लुटिनिनची खरी गरज लागते तिथे पाणी शांत नसते, आणि ओढ प्रत्येक जोडीवर वेगळी येते. ती ओढ केवढी असेल याचा ठोकताळा कागदावरही बांधता येतो.

पेशी पाण्याहून जेमतेम दहा टक्के जड. तेव्हा पाण्यातले तिचे वजन भरते ०.०६ पिकोन्यूटनच्या आसपास. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख-कोटीवा भाग. एक न्यूटन म्हणजे ढोबळमानाने हातावर ठेवलेल्या शंभर ग्रॅमच्या सफरचंदाचे वजन. म्हणजे गुरुत्वाकर्षण इथे दखल घेण्याजोगे नाही. घुसळण मात्र आहे. एकमेकींना चिकटलेल्या दोन गोलांच्या एका बाजूने द्रव वेगाने आणि दुसऱ्या बाजूने हळू जात असेल, तर तो त्यांना अलग करू पाहतो. या ओढीचा अंदाज द्रवाची श्यानता, त्रिज्येचा वर्ग आणि कातर-दर, म्हणजे द्रवाचा वेग थरागणिक किती बदलतो ते, यांच्या गुणाकाराला सुमारे एकोणीसने गुणून येतो. कातर-दर सेकंदाला १०० धरला तर ओढ साधारण १२ पिकोन्यूटन, १००० धरला तर सव्वाशेच्या घरात. हे आकडे डोक्यात ठेवा. थोड्या वेळाने त्यांची गाठ प्रयोगातल्या आकड्याशी पडणार आहे.

इतका बारीक जोर मोजायचा कसा? त्याचे साधन १९८६ साली गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी दिले: ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. एक टोक घट्ट धरलेली, केसाहून बारीक लवचीक पट्टी हे त्याचे काळीज. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पाडतात. पट्टी जरा वाकली की परावर्तित किरण सरकतो आणि प्रकाशमापक ते टिपतो. पट्टीचा ताठपणा माहीत असला, की वाकण्यावरून जोर कळतो. शाळेतला हूकचा नियमच, फक्त पट्टी अतिशय नाजूक. सुरुवातीला या यंत्राने पृष्ठभागांची चित्रे काढली गेली. मग पट्टीच्या टोकाला एखादा रेणू, आणि पुढे अख्खी पेशी लावून ओढाओढ मोजायला सुरुवात झाली.

पेशी लावायची म्हणजे चिकटवायची, आणि चिकटवायला गोंद हवा. चिकटण मोजायच्या प्रयोगात गोंद म्हणजे नसती अडचण. तो पेशीचा पृष्ठभाग बदलू शकतो. जोडीदाराची पकड मजबूत निघाली, तर आधी गोंदच सुटतो. शिवाय एका पट्टीला एक पेशी लावली, की ती पट्टी त्या पेशीपुरती खर्ची पडली. २००९ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेत यावर मार्ग निघाला. पट्टीच पोकळ केली. तिच्या आतून एक सूक्ष्म नलिका जाते आणि टोकाशी भोक असते. नलिकेतला दाब कमी केला, की पेशी भोकाला ओढली जाऊन घट्ट बसते. दाब वाढवला, की सुटते. या यंत्राला फ्लुइडिक फोर्स मायक्रोस्कोप म्हणतात.

प्रयोग जवळून पाहू. बशीच्या तळाला एका प्रकारच्या पेशी बसवलेल्या आहेत. दुसऱ्या प्रकारची एक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हेरायची, पट्टी तिच्यावर आणून शोषायची आणि उचलायची. मग ती तळाच्या एका पेशीच्या बरोबर डोक्यावर आणायची. इथे घाई चालत नाही. दोन गोलांचे माथे जुळले नाहीत तर ओढ तिरकी लागते आणि आकडा फसवा येतो. पट्टी खाली उतरते, पेशी पेशीला टेकते, ठरलेला दाब येतो. सेकंदाचा काही अंश, एक सेकंद, दहा सेकंद, जो ठरला असेल तो सहवास. मग पट्टी ठरलेल्या वेगाने वर जाऊ लागते. संगणकावर रेघ उमटते: आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर जोर. काहीच धरलेले नसेल, तर रेघ सरळ शून्यावर परतते. एखादा बंध जुळला असेल, तर रेघ खाली झुकत जाते, ताण वाढत जातो आणि एका क्षणी टचकन तुटून शून्यावर येते. त्या उडीची उंची म्हणजे त्या बंधाचा तुटण्याचा जोर. अनेक बंध असतील, तर करवतीच्या दात्यांसारखी उड्यांची रांग दिसते. मग पेशी सोडून द्यायची, नवी उचलायची आणि पुन्हा हेच. शितावरून भाताची परीक्षा इथे करून चालत नाही, कारण एका जोडीचे वागणे दुसरीसारखे नसते. बऱ्याच जोड्या, त्यांच्यावरच्या बऱ्याच ओढी आणि मग त्यांचे वितरण, असा हा हिशेब असतो.

आता या हिशेबातली खरी अडचण. समजा एखादा बंध १०० पिकोन्यूटनला तुटला. हा आकडा त्या बंधाचा मानायचा का? जॉर्ज बेल यांनी १९७८ मध्ये पेशींच्या चिकटणीवर एक सिद्धांत मांडला. कोणताही रासायनिक बंध उष्णतेच्या थरथरीने कधी ना कधी आपोआप सुटतोच. ओढ दिली की सुटण्याची शक्यता ओढीबरोबर घातांकी वेगाने वाढते. खोलीच्या तापमानाला त्या थरथरीची ऊर्जा साधारण चार पिकोन्यूटन-नॅनोमीटर. म्हणजे १०० पिकोन्यूटनने एखादा नॅनोमीटर ओढले, तर केलेले काम तिच्या पंचवीस पट होते. यातून इव्हान इव्हान्स आणि केन रिची यांनी १९९७ मध्ये पुढचा निष्कर्ष काढला. हळू ओढले तर बंधाला आपोआप सुटायला भरपूर वेळ मिळतो आणि तो कमी जोरावर सुटतो; झटक्यात ओढले तर तोच बंध जास्त जोर सोसून तुटतो. तुटण्याचा जोर ओढीच्या दराच्या लघुगणकाप्रमाणे वाढतो. म्हणून ओढीचा दर न सांगता दिलेला जोराचा आकडा म्हणजे गाडीचा नुसता वेग सांगून अंतर विचारण्यासारखे झाले. असे आकडे साहित्यात भरपूर आहेत. वाचकाने ते वाचताना दर कुठे लिहिला आहे ते आधी शोधावे.

या पार्श्वभूमीवर २०२१ मध्ये ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’त आलेला एक निबंध या पुस्तकाचा कणा आहे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातला इव्ह द्युफ्रेन यांचा गट आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजातले पीटर लिपके यांनी मिळून हे काम केले; मारियों मातेलिए-गिनले त्याच्या पहिल्या लेखिका. ज्या रेणूंची पकड लिपके यांनी एकेकाळी परीक्षानळीत मोजली होती, तेच रेणू आता एकेका पेशीवर, पोकळ पट्टीने ओढून पाहिले गेले.

निष्कर्ष चार आहेत. पहिला, ए आणि आल्फा यांच्यातला एकेरी बंध साधारण १०० पिकोन्यूटनला तुटतो, आणि तो दिसायला पेशींना आधी फेरोमोन मिळालेले असावे लागते. दुसरा, सहवास लांबला की चिकटण पुष्कळ वाढते. लेखकांच्या मते त्या वेळात पेशी आणखी ॲग्लुटिनिन पृष्ठभागावर आणत असाव्यात. तिसरा, ॲगा-२ ला खांबाशी बांधणारे डायसल्फाइड बंध आणि आल्फा-ॲग्लुटिनिनमधले २७३ वे हिस्टिडीन, दोन्ही या बळासाठी कळीचे. परीक्षानळीने जे सांगितले होते त्याला एकेका रेणूच्या पातळीवर दुजोरा मिळाला. चौथा सर्वांत महत्त्वाचा: यांत्रिक ताणाने हा बंध अधिक बळकट होतो.

आधीचा ठोकताळा आता पुढे आणू. चंबूतली घुसळण दोन पेशींच्या जोडीवर साधारण दहा ते सव्वाशे पिकोन्यूटनची ओढ आणते, असे आपण काढले. एका बंधाची ताकद नेमकी त्या पट्ट्यात बसते. हलक्या घुसळणीत एकच बंध सुरुवातीचे काही क्षण तग धरू शकेल. तेवढ्यात दुसरा, तिसरा जुळेल, फेरोमोनने आणखी प्रथिने वर येतील आणि जोडी पक्की होईल. हा ठोकताळा माझा आहे, निबंधातला नाही, आणि त्यातून पुरावा नव्हे तर अंदाजच मिळतो. तरी रेणूची ताकद आणि त्याच्या वाट्याला येणारी ओढ एकाच मापाच्या निघाव्यात हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चौथ्या निष्कर्षाकडे मात्र जपून पाहायला हवे. नुकतेच आपण पाहिले, की भरभर ओढले तर साधा बंधही मोठा आकडा देतो. त्यामुळे आकडा वाढला एवढ्यावरून बंध बळकट झाला असे म्हणता येत नाही. रेणूची घडणच ताणाने बदलते असा दावा असेल, तर साध्या बंधाच्या अपेक्षित वाढीपेक्षा वेगळे वर्तन दिसायला हवे. लेखकांनी पुढे ठेवलेले प्रतिमान असे: ॲग्लुटिनिन सैल असताना घडी घालून बसलेले असते आणि त्याची पकड कमजोर असते, ओढ लागली की ते उलगडते, ताणले जाते आणि लपलेली पकडीची जागा उघडी पडून मजबूत अवस्था येते. ओढली की आवळणारी निरगाठ डोळ्यांपुढे आणा. हे प्रतिमान बलाच्या आलेखांवरून काढलेले अनुमान आहे, उलगडणाऱ्या रेणूचे छायाचित्र नव्हे, हे वाचकाने विसरू नये. पण ते हवेतले नाही. जीवसृष्टीत याची सख्खी भावंडे आहेत. मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या ई. कोलाय जीवाणूचे फिमएच हे प्रथिन प्रवाहाच्या ओढीखाली अधिक घट्ट धरते, हे २००२ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून दाखवले गेले. ओढीने त्याचे दोन भाग एकमेकांपासून दूर होतात आणि त्याचा परिणाम साखर धरणाऱ्या टोकापर्यंत पोहोचून पकड आवळते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीवर घरंगळतात तेव्हा वापरल्या जाणाऱ्या पी-सिलेक्टिनमध्येही असेच वर्तन २००३ मध्ये थेट मोजले गेले. जिथे प्रवाह आहे तिथे धरायचे आणि प्रवाह थांबला की सोडता यायचे, ही अडचण जीवाणूला, पांढऱ्या पेशीला आणि यीस्टला सारखीच. तिघांनी आपापल्या प्रथिनांतून काढलेले उपाय एकाच वळणाचे दिसतात.

एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो. निसर्गात यीस्ट काही शेकरवरच्या चंबूत राहत नाही. त्याचे बरेचसे मीलन एकाच पिशवीत शेजारी जन्मलेल्या बीजाणूंमध्ये होते, जिथे ओढ नाही की घुसळण नाही. मग इतकी ताणसोशी यंत्रणा कशाला? परक्या वंशाशी जुळायची वेळ येते ती बाहेर, ओलसर फळावर, झाडाच्या रसात किंवा किड्यांच्या पोटात. गांधीलमाशीच्या आतड्यात सॅकरोमायसिसचे मीलन होते, हे इटलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. आतडे आकुंचन पावते, त्यातला द्रव पुढे ढकलला जातो, अन्न घुसळले जाते. प्रयोगशाळेतल्या चंबूपेक्षा ते वेगळे असले, तरी शांत बशी नक्कीच नाही. सख्ख्या भावंडांशी जुळायला चिकटण लागत नसेल. परक्याशी जुळायला ती लागते, आणि नवे जनुकसंयोग परक्याकडूनच येतात.

याचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. ॲग्लुटिनिनने जैवतंत्रज्ञानाला आधीच मोठा हात दिला आहे. १९९७ मध्ये एरिक बोडर आणि डेन विट्रप यांनी ॲगा-२ ला आपल्याला हवे ते प्रथिन जोडून ते यीस्टच्या पृष्ठभागावर मांडण्याची युक्ती काढली. आज प्रतिपिंडे शोधायला आणि सुधारायला ती जगभर वापरली जाते. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने याच्या पुढे उडी मारली. यीस्टचे स्वतःचे ॲग्लुटिनिन काढून त्या जागी दोन वेगळी प्रथिने बसवली आणि द्रवातल्या मीलनाचे प्रमाण पाहून ती प्रथिने एकमेकांना किती घट्ट धरतात ते ठरवले. मीलन हीच मोजपट्टी झाली. दुसरीकडे माणसाला त्रास देणाऱ्या कँडिडा यीस्टच्या पृष्ठभागावरील अल्स कुळातली प्रथिने आहेत. त्यातल्या अल्स-५ ला ओढले की पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे चिकट पुंजके बनतात आणि पसरत जातात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. तेही द्युफ्रेन आणि लिपके यांच्याच गटांनी. कॅथेटरवर चढणारा जंतूंचा थर रक्ताच्या प्रवाहात टिकतो तो का, याचे काही धागेदोरे इथे आहेत. एका यीस्टच्या मीलनात शिकलेले दुसऱ्या यीस्टच्या संसर्गात कामी येते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात यीस्टचे मीलन, फेरोमोन आणि ॲग्लुटिनिन. त्यात गणित नाही आणि बारावीचे जीवशास्त्र पुरेसे आहे. दुसऱ्या भागात उपकरणे: परीक्षानळी, प्रवाहकक्ष, पट्टी आणि पोकळ पट्टी. तिसऱ्यात बेल, इव्हान्स आणि ओढीचा दर. हा भाग अवघड आहे. भौतिकशास्त्राच्या वाचकांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल. चौथ्या भागात २०२१ चे प्रयोग तपशिलाने, आणि त्यांच्यावर घेता येण्याजोगे आक्षेपही. ज्यांच्या महाविद्यालयात महागडी उपकरणे नाहीत त्यांच्यासाठी शेवटी परीक्षानळीचा प्रयोग सविस्तर दिला आहे. त्याला लागतात ते फक्त दोन प्रकारचे यीस्ट, शेकर आणि गढूळपणा मोजायचे साधन. यीस्टच्या शुद्ध जाती मागवायच्या तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहाकडे चौकशी करता येईल. शेकरचा वेग बदलत नेऊन निवळण कशी बदलते एवढे पाहिले, तरी या विषयाचा गाभा हाताला लागतो.

एक विनंती आहे. यातले आकडे नुसते वाचू नका, पडताळून पाहा. घुसळणीच्या ओढीचा हिशेब वेगळ्या आकाराच्या पेशीसाठी, वेगळ्या द्रवासाठी करून बघा. उत्तर माझ्यापेक्षा वेगळे आले तर आधी एकके तपासा आणि मग त्रिज्या, कारण ती वर्गात येते आणि पेशी दुपटीने मोठी घेतली की ओढ चौपट होते. त्यानंतरही फरक राहिला, तर बहुधा तुम्ही पेशीला गोल मानलेले नाही. श्मू गोल नसतेच, तेव्हा तुमचे उत्तर जास्त बरोबर असण्याचा संभव आहे.